तो आपोआप काय करतो तिथून सुरुवात करा: ऑटिझम असलेल्या लेकरांना मोठेपणासाठी तयार करताना

आमचा पोरगा आता एकवीस वर्षांचा आहे. गाव परभणी जिल्ह्यातलंच, पण लेकरांच्या शाळेपायी आम्ही परभणीत राहायला आलो. तो साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे असं सांगितलं आणि त्यानंतरची दहा वर्षं आमच्या घरात एकच विषय, ह्याला काय येत नाही. बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, लग्नाकार्यात टिकत नाही, पेन नीट धरत नाही. आणि ह्या सगळ्यात त्याला एक नाद होता, रोजचं तापमान लिहायचा. टीव्हीवर, पेपरात, मोबाईलवर जे आकडे दिसतील ते वहीत, कॅलेंडरवर, भिंतीवर सुद्धा. आम्ही वह्या लपवल्या, रागावलो, थेरपीला जाऊन "एवढं बंद करा" म्हणून सांगितलं. आज तोच पोरगा त्याच्या मामाच्या रेशमाच्या शेडमध्ये दिवसातून चार वेळा तापमान आणि आर्द्रता बघून लिहितो आणि त्याचे त्याला पैसे मिळतात.

मधल्या वर्षांत काय केलं, काय चुकलं, काय लई आधी करायला पाहिजे होतं ते सगळं लिहून काढतेय. कारण मी शोधत होते तेव्हा हे एका जागी मराठीत कुठं सापडलं नव्हतं, आणि आपल्या भागात अजून कितीतरी आईबाप पोरगं अठरा वर्षांचं झालं की एकदम जागे होतात.

दोन गोष्टी आधी. एक म्हणजे ऑटिझम असलेलं प्रत्येक लेकरू वेगळं असतं, कुणी घडाघडा बोलतं, कुणी आयुष्यभर बोलणार नाही, कुणाला जन्मभर सोबत लागेल. म्हणून माझं जसंच्या तसं उचलू नका, पद्धत घ्या. दुसरं, स्वावलंबन म्हणजे सगळं एकट्यानं करणं नाही. आपण तरी कुठं सगळं एकटे करतो, मोटार बिघडली की मिस्त्री बोलावतो. आपल्याला कोणती मदत लागते हे त्याला कळलं पाहिजे आणि ती त्याला मागता आली पाहिजे, एवढं जमलं तरी खूप पुढं गेल्यासारखं आहे. आणि हे काम बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू करा. उशीर झाला असेल तर आज करा.

सगळ्यात आधी एक वही घाला

दोन महिने काही शिकवू नका, फक्त बघा आणि लिहा. मला हे एका स्पेशल एज्युकेटर बाईंनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं, वेळ वाया जाईल असं वाटलं, पण पुढचं सगळं ह्या वहीवरच उभं राहिलं. रोज रात्री पाच मिनिटं, चार गोष्टी लिहायच्या. आज कुणी न सांगता त्यानं काय केलं. कशात तो सगळ्यात जास्त वेळ रमला आणि किती मिनिटं. कोणती बारीक गोष्ट त्याच्या लक्षात आली जी आपल्या आली नाही. आणि कशानं बिनसलं, त्याच्या आधी नेमकं काय झालं होतं.

दोन महिन्यांनी वही वाचली तर आम्हाला जे दिसलं ते असं: आकडे त्याच्या डोक्यात पक्के बसतात. एकदा ठरलेला नियम तो मोडत नाही, दुसऱ्यानं मोडला तर त्याला त्रास होतो. शांत जागेत तो दीड-दोन तास एका कामावर बसतो. माणसं वाढली, आवाज वाढला की दहा मिनिटांत संपतं. वस्तू जागच्या हलल्या तर त्याला लगेच कळतं. तोपर्यंत आम्ही ह्यातल्या निम्म्या गोष्टींना 'हट्टीपणा' म्हणत होतो.

आता नाद आणि काम ह्यांच्यामध्ये एक पायरी असते ती शोधायची. लेकराला गाड्या आवडतात म्हणून ड्रायव्हर होणार असं नसतं. गाड्यांमधलं नेमकं काय आवडतं ते बघा, नंबर, वेळापत्रक, चाकाचं फिरणं, का इंजिनाचा आवाज? नंबर आणि वेळापत्रक असेल तर पार्सलची नोंद, माल चढवताना मोजणी, गोडाऊनचं रजिस्टर अशी कामं त्याच्या जवळची. वस्तू ओळीनं लावणारं लेकरू पॅकिंग, किराणा दुकानातली मांडणी, लायब्ररीतली पुस्तकं लावणं ह्यात रमतं. पाण्यात-मातीत रमणारं लेकरू रोपवाटिकेत पिशव्या भरतं, रोपं मोजतं. जनावरांपाशी शांत होणारी लेकरं तर आपल्याकडं खूप असतील. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन ह्या बाईंना स्वतःला ऑटिझम आहे, १९४७ चा जन्म, साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या, आणि पुढं जनावरांच्या शास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. गुरं पुढं जाताना का बिचकतात, जमिनीवरची सावली, लटकणारी साखळी, एकदम येणारा उजेड, हे त्यांना दिसायचं कारण त्यांचं स्वतःचं डोकं चित्रांत चालतं असं त्या सांगतात, आणि त्यावरून त्यांनी गुरं नेण्याचे गोलाकार रस्ते डिझाईन केले जे तिकडं मोठ्या प्रमाणावर वापरतात. लाल कंधारी आणि देवणी जिथल्या गोठ्यांत आहेत त्या आपल्या भागात हे वाचून मला लई जवळचं वाटलं. आपलं लेकरू प्राध्यापक होईल म्हणून नाही सांगत. गोठ्यात तासभर शांत उभं राहणारं लेकरू तिथं काय बघतं हे आपण विचारलंय का, म्हणून सांगते.

सांगता आलं पाहिजे, तोंडानं नसेल तर दुसऱ्या रस्त्यानं

आमचा दोन-तीन शब्दांत बोलतो, त्रास झाला की तेवढंही बंद होतं. म्हणून बोलणं येईपर्यंत थांबायचं नाही. चित्रांची कार्डं, लिहून दाखवणं, मोबाईलवर बटण दाबलं की बोलणारं ॲप, ह्यातलं जे जमेल ते. चित्रं दिली तर बोलणं मागं पडेल अशी भीती आम्हालाही घातली होती, तसं काही होत नाही, उलट बऱ्याच लेकरांना बोलायला मदतच होते. सगळ्यात आधी पाच गोष्टी शिकवा: 'नको', 'थांबा', 'दुखतंय', 'मदत करा', 'मला बाहेर जायचंय'. पाणी, जेवण हे लेकरू कसंही मागतं. पण 'नको' म्हणता येत नसेल तर ते हाताला चावतं, ढकलतं, आणि मग लोक म्हणतात मारकं आहे. आणि त्यानं 'नको' म्हणलं की ऐकायचं सुद्धा, निदान दहातल्या आठ वेळा, नाहीतर तो शब्द शिकवून उपयोग काय.

'दुखतंय' ह्यावर आणखी थोडं. एकदम चिडचिड वाढली, झोप गेली तर आधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ तपासा. वयात येताना काही लेकरांना फिट यायला लागतात, ऑटिझममध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, एकटक बघत राहणं किंवा क्षणभर हरवल्यासारखं होणं हे सुद्धा फिट असू शकतं, तर डॉक्टरांना दाखवा. बाहेरचं काही झालंय म्हणून आम्हीही दोन ठिकाणी नेलं होतं, पैसे गेले त्यापेक्षा त्या धुराला आणि गर्दीला लेकरू किती घाबरलं ते आठवून अजून वाईट वाटतं. तसंच स्टेम सेलनं, म्हणजे मूळपेशी देऊन, ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये मागणारे भेटतील. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नैतिकता मंडळानं २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी ह्या उपचाराची शिफारस करता येत नाही. शेत विकून असं काही करू नका.

घरातलं काम, पण तुकडे करून

इथं जरा थांबून सांगते कारण इथंच सगळ्यात जास्त फरक पडला. 'जा, अंघोळ करून ये' हे आपल्याला एक काम वाटतं पण त्यात वीस-पंचवीस कामं असतात. कागद घ्या, स्वतः ते काम करा आणि प्रत्येक हालचाल लिहा. आमच्या चहाचं असं झालं: पातेलं घे. कपानं एक कप पाणी टाक. लायटर घे. बटण दाबून फिरव. लायटर लाव. साखर दोन चमचे. पत्ती एक चमचा. उकळी आली, बुडबुडे वर आले, की अर्धा कप दूध. परत वर आलं की बटण बंद. गाळणी कपावर ठेव. 'थोडं', 'अंदाजानं', 'चांगलं उकळू दे' असले शब्द काढून टाका, त्याला ते कळत नाहीत. आम्ही चमचा ठरवून ठेवला, निळ्या दांडीचा, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही.

मग शिकवायचं शेवटून. म्हणजे पहिल्या आठवड्यात सगळं मी केलं, त्यानं फक्त गाळणीतून कपात ओतलं, आणि 'चहा केला' असं आम्ही सगळ्यांनी म्हणलं. मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. असं केलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातानं पूर्ण होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर ते मधेच अडकतं आणि लेकरू वैतागतं.

आणि मदत कशी काढून घ्यायची ह्याचाही क्रम आहे. आधी हातावर हात धरून, मग फक्त कोपराला स्पर्श, मग बोटानं दाखवणं, मग काहीच न बोलता पाच-दहा सेकंद थांबणं. हे थांबणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं, आपण लगेच 'साखर टाक, साखर टाक' करतो आणि मग तो कायम त्या आवाजाचीच वाट बघतो. मी तोंडावर पदर धरून उभी राहायचे अक्षरशः. तोंडी सांगण्यापेक्षा भिंतीवरचा कागद बरा, कारण कागद तिथंच राहतो, आपण नसताना पण.

चहाला चार महिने लागले. मग भात, मग कपडे वाळू घालणं, मग घागरी भरणं. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की सगळी पळापळ, आवाज, आणि त्याला ते सहनच व्हायचं नाही. त्याला त्यातलंच काम दिलं, नळ आला की वेळ लिहायची, किती घागरी भरल्या त्याच्या रेघा मारायच्या, टाकी भरली की बटण बंद. ज्या गोष्टीला घाबरायचा तिचा हिशोब त्याच्या हातात आला तेव्हापासून नळाच्या दिवशीचा गोंधळ बंद झाला.

पोरगा आहे म्हणून स्वयंपाक शिकवायचा नाही असं काही ठेवू नका. भाकरी नाही जमली तरी खिचडी, अंडं, वरण-भात एवढं आलं तर कुणी नसताना तो उपाशी राहणार नाही.

आवाज, ऊन, गर्दी

ऑटिझममध्ये कान, डोळे, कातडी ह्यांना येणारं जास्त किंवा कमी वाटतं. तो नखरा नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं आणि वरून लाईट गेलेली, तिथं आपलीच चिडचिड होते. आम्ही केलं ते एवढंच: कान झाकायचे हेडफोन पिशवीत कायम, लेबल कापलेले मऊ सुती कपडे, आणि कुठंही गेलं की पोचल्या पोचल्या शांत बसायची एक जागा ठरवून ठेवायची. लग्नात डीजेच्या वेळी नेत नाही, अक्षता पडल्यावर जेवायला नेतो. पाहुणे नाराज होतात, होऊ द्या. आणि आज काय काय होणार हे सकाळी लिहून दाखवायचं, बदल झाला तर त्यावर काट मारून नवीन लिहायचं, त्यानं लई फरक पडतो.

पैसे आणि बाजार

हिशोब येणं आणि पैसे वापरता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा पाढे म्हणायचा तीसपर्यंत पण दुकानात नोट हातात धरून उभा राहायचा. ज्यांना सुट्ट्यांचा हिशोब जमत नाही त्यांच्यासाठी सोपी युक्ती, वस्तू ३४ ची असेल तर दहाच्या चार नोटा द्यायच्या, म्हणजे दहाची एक जास्त, आणि परत आलेले खिशात ठेवायचे. आधी ओळखीच्या एकाच दुकानात, एकच वस्तू, एकाच वेळी. दुकानदाराला आधी सांगून ठेवा की थांबा, घाई करू नका, त्याच्या ऐवजी माझ्याकडं बघून बोलू नका. मग दोन वस्तू, मग यादी. आठवडी बाजार सगळ्यात शेवटी, तिथं भाव बदलतात, आवाज असतो, आम्ही सकाळी लवकर माल लागत असतानाच जातो.

मोबाईलवरून पैसे देणं ह्या लेकरांना सोपं जातं पण त्यासाठी वेगळं खातं ठेवा, त्यात आठवड्याला लागेल तेवढेच पैसे टाका. पिन कुणाला सांगायचा नाही हा नियम म्हणून शिकवला की ती आपल्यापेक्षा पक्का पाळतात. फक्त 'पोलिसांनी विचारला तर?', 'बँकेतून फोन आला तर?' अशी उदाहरणं घेऊन सांगा, नाहीतर नियम कुठं लागू होतो ते कळत नाही.

एकट्यानं जाणं-येणं

हे दोन वर्षं चाललं. आधी बरोबर चालणं, मग दहा पावलं मागं, मग रस्त्याच्या पलीकडून, मग तो निघाला की गाडीवर मागून, मग शेवटच्या ठिकाणी जाऊन उभं राहणं. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार आठवडे. बस स्टँडवर पाटी वाचणं, कंडक्टरला गावाचं नाव सांगणं किंवा लिहिलेला कागद दाखवणं, हे वेगळं शिकवलं. सगळ्यात महत्त्वाचं बिघडलं तर काय, ते शिकवणं: बस आली नाही तर अर्धा तास थांब, मग आईला फोन. मोबाईल बंद पडला तर चौकशी खिडकीवर जाऊन कार्ड दाखव. कार्डावर नाव, मला ऑटिझम आहे, मला बोलायला वेळ लागतो, ह्या नंबरवर फोन करा, एवढं मराठीत. आम्ही मुद्दाम एकदा मोबाईल बंद ठेवून त्याला पाठवलं, माझ्या पोटात गोळा आला होता, पण तो बरोबर खिडकीवर गेला.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, कार्ड जवळ पाहिजे.

वयात येणं: हा विषय टाळू नका

अंगात बदल व्हायच्या आधी, दहाव्या-अकराव्या वर्षीच, चित्रं काढून सांगायला सुरुवात करा. खरे शब्द वापरा. कोणती जागा झाकायची, कपडे कुठं बदलायचे, दार लावून एकट्यानं करायच्या गोष्टी कोणत्या आणि चारचौघांत न करायच्या कोणत्या. पोरगं स्वतःला हात लावतं म्हणून मारू नका, जागा आणि वेळ शिकवा, तुझी खोली, दार बंद, बस. मुलींना पॅड बदलणं सुद्धा चहासारखंच तुकडे करून, पाळी यायच्या आधी काही महिने, लाल रंग लावलेलं पॅड घेऊन शिकवता येतं. 'गर्भाशयच काढून टाका' असा सल्ला देणारे भेटतात, आपल्याकडं जास्तच. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल अशी कोणतीही प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. पोरीला पाळीचा त्रास असेल तर त्याला औषध आहे, आणि शिकवायला वेळ लागतो तेवढा द्यायचा.

अंगाला हात लावायला नाही म्हणण्याचा हक्क घरातूनच सुरू होतो. मावशीला पापी दे, मामाच्या मांडीवर बस, ही जबरदस्ती बंद करा. सतत 'ऐक, ऐक' करून आपण लेकराला सगळ्यांचंच ऐकायला शिकवतो आणि त्याचा फायदा कुणीतरी ओळखीचाच घेतो. काही झालं तर अठराच्या आतल्या लेकरांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, बोलता न येणाऱ्या लेकराची साक्ष सुद्धा तज्ज्ञाच्या मदतीनं घेता येते.

आणि लग्न करून दिलं की सुधरेल असं म्हणणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्याला स्वतःला लग्न करायचं असेल, समोरच्याला सगळं माहीत असेल, तर तो वेगळा विषय. लपवून केलेल्या लग्नात दोघांचं वाटोळं होतं.

शाळा, परीक्षा, पुढचं शिक्षण

दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती आहेत, लेखनिक, तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ, आणखीही काही. शाळेमार्फत अर्ज जातो, तर नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. आम्हाला एका शाळेत 'असं काही नसतं' म्हणून परत पाठवलं होतं, नंतर शासनाचा जीआर छापून नेला तेव्हा काम झालं. रोज शाळेत जाणं जमत नसेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा आहे, तिथं एक-एक दोन-दोन विषय करत पुढं जाता येतं. आमच्या पोरानं एनआयओएसमधून दहावी केली, तीन वर्षांत.

पण दहावीच्या मागं लागून बाकी सगळं सोडू नका. मार्कशीट आहे पण एकट्याला दोन तास घरी ठेवता येत नाही, अशी पोरं मी बघितलीत. दिवसाचा अर्धा वेळ अभ्यासाला, अर्धा वर लिहिलेल्या गोष्टींना.

काम

आता रेशमाचं. माझ्या भावाकडं तुती आणि शेड आहे, जालना-बीडकडं बघून आमच्याकडंही रेशीम वाढलंय. एका दिवाळीला आम्ही तिकडं गेलो तर हा पोरगा शेडमध्ये जाऊन थर्मामीटरसमोर उभा. भाऊ म्हणला, "काय बघायलास रे?" हा म्हणला, "सत्तावीस. काल एकतीस." भावानंच मग मला सांगितलं, "अक्का, ह्याला माझ्याकडं ठेव, माझे गडी आकडे लिहीतच नाहीत."

रेशमाच्या अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान लागतं, दिवसातून ठरल्या वेळी पाला टाकायचा, कात टाकायला बसल्या की पाला बंद, उठल्या की निर्जंतुक करायची पावडर आणि मग पाला. चॉकी, म्हणजे थोड्या वाढवलेल्या लहान अळ्या, आणल्यापासून कोष होईपर्यंत वीस-एक दिवस हेच. आणि शेडमध्ये शिरायचे नियम कडक, चप्पल बाहेर, हातपाय निर्जंतुक करून आत, तंबाखू खाल्लेला हात तर अजिबात नको कारण त्यातलं निकोटीन अळ्यांना विष आहे. हे नियम गडी पाळत नाहीत आणि बॅच रोगानं जाते. आमचा पोरगा पाळतो, आणि दुसऱ्यालाही दारातच थांबवतो. शेडमध्ये आवाज नाही, गर्दी नाही, अळ्या पाला खातात तो पावसासारखा बारीक आवाज त्याला आवडतो. वहीतल्या सगळ्या गोष्टी इथं येऊन बसल्या.

तरी एकदम कामाला लावलं नाही. पहिली बॅच फक्त आकडे लिहिणं, रोज एक तास. दुसऱ्या बॅचला पाला मोजून देणं. चंद्रिका, म्हणजे अळ्या ज्यावर कोष करतात त्या जाळ्या, टाकणं, कोष वेचणं नंतर. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनामध्ये १९७२ पासून ऑटिझमसाठी टीच (TEACCH) नावाचा कार्यक्रम चालतो, त्यातली एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. कामाच्या जागी लेकराला चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत: कोणतं काम, किती, संपलं कधी, आणि मग काय. म्हणून भिंतीवर फळी, त्यावर कामाच्या चिठ्ठ्या, झालेली चिठ्ठी काढून डब्यात टाकायची, डबा भरला की चहा आणि मोबाईल. कुणी ओरडून सांगायची गरजच पडत नाही.

तुमच्याकडं मामाचं शेड नसेल. मग असं करा, ओळखीतल्या धंद्यांची यादी काढा, दाळ मिल, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, झेरॉक्स, रोपवाटिका, बेकरी, कुणाचाही. मालकाला 'माझ्या पोराला नोकरी द्या' म्हणू नका. त्याच्या धंद्यात असं कोणतं काम आहे जे रोज करावं लागतं, सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि चुकलं तर नुकसान होतं, ते विचारा. बियाण्याच्या पिशव्यांवरचे लॉट नंबर आणि मुदत तपासणं, पार्सल मोजणं, फाईली स्कॅन करणं. तेवढंच काम मागा, दोन आठवडे, रोज दोन तास, तुम्ही किंवा घरचं कुणी सोबत. कीटकनाशकांची हाताळणी, उघडे पट्टे असलेल्या मशीन असलं नको. मालकाला एक पानभर लिहून द्या: एका वेळी एकच सूचना, बदल असेल तर आधी सांगा, कान झाकले तर रागावू नका, चुकलं तर कसं करायचं ते दाखवा. तो नमस्कार करत नाही, बघत नाही, म्हणजे उद्धट नाही, हे सुद्धा लिहा.

आणि पैसे. शिकायचा काळ संपला की पगार ठरवा, कमी कामाचे कमी, पण द्यायचेच. 'त्याला विरंगुळा होतोय ना' म्हणून वर्षानुवर्षं फुकट राबवणारे असतात, नातेवाईक सुद्धा. भावाशी मी हे तोंडावर बोलले, त्याला आधी वाईट वाटलं, पण आता बॅचमागं ठरलेली रक्कम थेट पोराच्या खात्यात येते. पहिल्या पैशातून त्यानं डिजिटल थर्मामीटर घेतलं.

सरकारी नोकरीत बेंचमार्क दिव्यांगांना, म्हणजे ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे त्यांना, ४ टक्के आरक्षण आहे, त्यातल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार हे सगळे येतात. ज्यांचं शिक्षण होतंय त्यांनी ह्या जाहिराती नक्की बघाव्यात. स्वतःचं काही करायचं असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या ट्रेनिंगला पोरासोबत तुम्ही पण बसा.

कागदपत्रं, पटकन पण सगळी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. सर्टिफिकेटसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते, ऑटिझमसाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. बहुतेक फायद्यांसाठी ४० टक्के किंवा जास्त लागतं. त्यातूनच युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. लहानपणीचं सर्टिफिकेट बऱ्याचदा मुदतीचं असतं, तारीख बघून आधीच नूतनीकरण करा. तपासणीच्या दिवशी लेकरू 'चांगलं' वागावं म्हणून तयारी करून नेऊ नका, तुमची वही न्या.

निरामय ही केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो, दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. अठरा पूर्ण झाली की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बँक, जमीन, ऑपरेशनची सही इथं अडतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालकत्व देते. पण प्रत्येकाला ते लागतंच असं नाही, ज्याला समजावून दिलं की स्वतः ठरवता येतं त्याचा हक्क उगीच काढून घेऊ नका. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर दिव्यांग लेकराला पुढं कौटुंबिक पेन्शन मिळू शकते, नोकरीत असतानाच त्याची नोंद करून घ्या. इन्कम टॅक्समध्ये जुनी कर पद्धत घेतली तर दिव्यांग लेकराच्या सांभाळासाठी ७५ हजार आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. गरजू घरांनी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करावी. आपल्या भागात लातूरला उमंग आणि संभाजीनगरला आरंभ अशी ऑटिझमवर काम करणारी केंद्रं आहेत, एकदा तरी जाऊन या, तिथं दुसरे आईबाप भेटतात तेच मोठं असतं.

आपल्यानंतर

ह्यावर मी लई रात्री रडून काढल्यात. आता जे केलंय ते सांगते. मुलीवर सगळा भार टाकायचा नाही असं ठरवलं, तिला तिचं आयुष्य आहे, तिनं किती करायचं हे तिनं सांगायचं, आणि ते आम्ही समोर बसून बोललो. एकाच माणसाऐवजी सहा जणांची यादी केली, बँकेचं कोण बघेल, दवाखान्याचं कोण, आठवड्यातून एकदा फोन कोण करेल. मृत्युपत्र केलं, त्यात पोराच्या नावाचा हिस्सा कसा सांभाळायचा ते वकिलाकडून लिहून घेतलं. वर्षातून दोनदा तो आमच्याशिवाय चार-पाच दिवस मामाकडं राहतो, ही सवय आम्ही असतानाच लागली पाहिजे.

आणि दुसरी एक वही केली, त्याच्याबद्दलची. औषधं, रक्तगट, तो काय खातो, झोपताना काय लागतं, बिनसलं तर काय करायचं आणि काय करायचं नाही, कामाचे टप्पे, कागदपत्रं कुठं ठेवलीत. दर दिवाळीला ती नवीन लिहितो. मागच्या वर्षी पहिल्यांदा 'मला काय नको' हे पान त्यानं स्वतः लिहिलं: कुकरची शिट्टी. डोक्यावर हात. घाई. वही लपवणे.